छावणीपासून बजाजनगरापर्यंत

परकी सत्तेचा हिशेब मांडावयास बसले म्हणजे आपले लेखक बहुधा दोन वह्या उघडतात. पहिली पैशाची. ती दादाभाई नौरोजींनी उघडून दिली, आणि देशातून किती द्रव्य बाहेर गेले याचे आकडे तीत आहेत. दुसरी मनाची. इंग्रजी विद्येने आपल्या बुद्धीस काय दिले व तिच्यापासून काय हिरावून घेतले, हा जमाखर्च निबंधमालेच्या काळापासून चालू आहे. तिसरी वही मात्र क्वचितच उघडली जाते. ती जमिनीची होय. सारा किती वसूल झाला एवढेच तीत पाहावयाचे नसते. जमीन कोणी मोजली, रेघ कोठून ओढली, रेघेच्या अलीकडे कोणास राहू दिले आणि पलीकडे कोणास ठेवले, हेही तीत नोंदलेले असते. पैशाची वही स्वातंत्र्याबरोबर पुष्कळशी मिटली. मनाच्या वहीवर आपण अजून वाद घालतो. जमिनीच्या वहीत मात्र नव्या नोंदी जुन्याच रकान्यांत होत राहिल्या आहेत, आणि त्या होत आहेत याची जाणीवही आपणांस फारशी नाही.

या तिसऱ्या वहीतील एक लहानसे पान येथे वाचावयाचे आम्ही योजिले आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद, या शहराच्या क्रांती चौकातून पश्चिमेकडे जावयास निघाले की वाटेत छावणी लागते. मग नगर नाका लागतो. आणि अहिल्यानगरकडे जाणारा तो रस्ता पुढे वाळूजच्या औद्योगिक क्षेत्रास जाऊन मिळतो. या क्षेत्रात कामगारांची व लहान व्यावसायिकांची एक मोठी वसाहत आहे, तिचे नाव बजाजनगर. सारी वाट मोटारीने पुरत्या तासाचीही नाही. पण गेल्या दोनशे वर्षांत सत्तेने भूमीवर आपले हात कसकसे उमटविले, ते या वाटेवर जसे एका ओळीत पाहावयास मिळते तसे इतरत्र क्वचितच मिळेल.

येथे कोणी वाचक आम्हांस अडवील. तो म्हणेल की मराठवाड्यात इंग्रजांचे राज्य होतेच कोठे? हा मुलूख निजामाचा. येथील लोकांनी निजामाशी झुंज दिली व १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते त्याच्या अमलातून सुटले. मग परकी साम्राज्याच्या खुणा येथे शोधण्यात काय स्वारस्य? आक्षेप वरवर खरा आहे, आणि म्हणूनच हे उदाहरण आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. जेथे इंग्रजांनी उघड राज्य केले तेथे त्यांची छाप उमटली यात नवल नाही. जेथे सिंहासनावर दुसराच कोणी बसला होता तेथेही ती कशी उमटली, हे पाहिले म्हणजे साम्राज्याची खरी शक्ती ध्यानात येते. ती शक्ती झेंड्यात थोडी आणि मोजणीच्या साखळीत फार होती.

निजाम १७९८ व १८०० च्या तहांनी कंपनीच्या तैनाती फौजेत अडकला. १८०३ च्या सप्टेंबरात असईच्या रणावर शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला, तो याच प्रदेशात. आज ते गाव जालना जिल्ह्यात आहे. त्यानंतर तैनाती फौजेच्या जोडीस आणखी एक सैन्य उभे राहिले. पगार निजामाचा आणि अंमलदार इंग्रज, अशी त्याची रचना होती. पुढे हेच ‘हैदराबाद कंटिंजंट’ म्हणून प्रसिद्धीस आले. त्याची ठाणी औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, एलिचपूर अशा ठिकाणी पडली. खर्च निजामास झेपेना. तो पामर कंपनीसारख्या सावकारांच्या व पुढे खुद्द इंग्रज सरकारच्या कर्जात बुडाला. आणि १८५३ च्या तहाने या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिवचा भाग व रायचूरचा दुआब त्याने इंग्रजांच्या हवाली केला. धाराशिव व रायचूर १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मात्र १९०२ मध्ये वर्षाकाठी २५ लाख रुपयांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने गेले. आपल्याच दारात उभ्या असलेल्या परक्या पहारेकऱ्याचा पगार द्यावयास घरातील एक दालन गहाण पडावे, असा हा व्यवहार होता. या पहारेकऱ्याची जी कोठी, तीच छावणी.

छावणी येण्यापूर्वी औरंगाबादेत सत्तेची आखणी नव्हती असे आमचे म्हणणे नाही. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी येथे आपले ठाणे वसविले, तेव्हा दूरच्या डोंगरउतारांतील पाणी जमिनीखालच्या नहरींनी शहरात आणले. पाणी कोणत्या पेठेस आधी मिळावे हे ठरविणे, हीही सत्ताच होती. अंबराच्या मृत्यूनंतर त्याचा पुत्र फतेहखान याने गावाचे नाव फतेहनगर ठेविले. पुढे दख्खनच्या सुभेदारीवर आलेल्या औरंगजेबाने त्यास आपले नाव दिले आणि मग तट व दरवाजे उभे राहिले. तट म्हणजेही रेघच. परंतु त्या तटाच्या आत व आसपास ज्या वस्त्या वाढल्या त्यांची नावे पाहावीत: बेगमपुरा, जयसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा. कोणी बेगम, कोणी रजपूत सरदार, त्यांच्याभोवती जमलेले शिलेदार, कारागीर व वाणी, अशी ही माणसांच्या नावांची वस्ती होती. त्या नावांत उच्चनीचता होती, जुलूमही असेल. पण सत्ताधीश आणि प्रजा एकाच तटाच्या आत, एकाच नहरीचे पाणी पीत होते.

छावणीने ही मांडणी मोडली. ती खाम नदीच्या पलीकडे, शहरापासून हाताच्या अंतरावर आणि तरीही शहरापासून वेगळी अशी वसली. छावणी कोणतीही घ्या, तिची आखणी ठरलेली: सरळ रस्ते, अंमलदारांचे दूर दूर बंगले, शिपायांच्या ओळीच्या बराकी, कवाइतीचे मोकळे मैदान, आणि सामानसुमान पुरविणाऱ्यांसाठी एका बाजूस सदर बाजार. येथे राहावयाचे ते कामापुरते. इंग्रजी मुलखातील छावण्यांत जी पद्धत रूढ झाली तीप्रमाणे घर राहणाऱ्याचे असले तरी खालची जमीन सरकारची, आणि सरकारला हवी तेव्हा घराची किंमत देऊन ती परत घेता येई. वस्तीचा कारभार पाहावयाचा तो लष्करी अंमलदाराने. १९२४ च्या कायद्याने छावणीच्या मंडळात निवडलेले सभासद आले. तथापि अध्यक्षपद ठाण्याच्या सेनाधिकाऱ्याकडेच राहिले. स्वतंत्र भारताने २००६ मध्ये नवा कायदा केला, त्यातही ते तसेच आहे. महाराष्ट्रातील सात छावण्यांत औरंगाबादची एक आहे. छावण्यांतील नागरी वस्त्या शेजारच्या नगरसंस्थांत मिळवून टाकाव्यात, असे धोरण अगदी अलीकडे निघाले. म्हणजे ज्या नगरात माणूस पिढ्यान्‌पिढ्या राहतो तेथे त्याने पाहुण्यासारखे राहावे, हा विचार साम्राज्याच्या मागे पाऊणशे वर्षे टिकला.

या आखणीस पहिला मोठा धक्का बसला तोही छावणीतूनच. १८५७ च्या जून महिन्यात कंटिंजंटच्या पहिल्या घोडदळात खळबळ माजली. आपणांस दख्खनबाहेर, दिल्लीकडे, बादशहाच्या विरुद्ध लढावयास नेणार, अशी बातमी उठली होती. स्वारांचे म्हणणे नीट ऐकले तर त्यात धर्माइतकाच भूमीचाही प्रश्न दिसतो: आमची चाकरी निजामाच्या मुलखापुरती, त्याच्या सीमेपलीकडे आम्हांस नेण्याचा तुम्हांस अधिकार नाही. ज्यांना दुसऱ्यांनी आखलेल्या रेघांत उभे केले होते, त्यांनीच एक रेघ ओढून दाखविली. मग पुण्याहून महूकडे निघालेली जनरल वुडबर्नची फौज औरंगाबादेकडे वळली व बंड मोडले. कॅप्टन अ‍ॅबटवर हत्यार उगारणाऱ्या मीर फिदाअलीस फाशी झाली. इतरांस कोणास गोळीने, कोणास तोफेच्या तोंडी मरण आले. ही शासने मुद्दाम उघड्यावर झाली. ज्या ओट्यावर ती झाली म्हणून शहराची आठवण सांगते, तो ‘काळा चबुतरा’. आणि तेथील चौकास आज लोक ‘क्रांती चौक’ म्हणतात. सत्तेने दहशतीसाठी निवडलेली जागा प्रजेने स्मरणासाठी राखली. आमच्या लेखाचा एक धागा येथून सुरू होतो. तो वाचकांनी हाती धरून ठेवावा.

कंटिंजंट १९०३ मध्ये बरखास्त होऊन हिंदुस्थानी सैन्यात मिळाले. पण तोपर्यंत छावणीची शिस्त छावणीबाहेर पसरली होती, आणि ती पसरविण्यास इंग्रज अंमलदाराची गरज उरली नव्हती. सालारजंगाने १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. जिल्हा, तालुका, त्यांवर अव्वल तालुकदार, त्यावर सुभेदार. नावे फारसी, सांगाडा पलीकडच्या मुंबई इलाख्यातील कलेक्टर-कमिशनरांचा. जमिनीची मोजणीही मुंबईच्या रयतवारी धर्तीवर झाली. एरवी शेतास नाव असे: आंब्याचे, विहिरीचे, पांढरीकडचे. आता त्यास सर्व्हे नंबर मिळाला. हा बदल सर्वस्वी वाईट झाला असे आम्ही म्हणणार नाही. नंबरामुळे कुळास पावती दाखविता येऊ लागली व देशमुख-पांड्यांच्या तोंडी हिशेबास आळा बसला. परंतु नंबर पडला म्हणजे जमीन दूर बसलेल्या कचेरीस वाचता येऊ लागते, आणि जी वाचता येते ती एका सहीने हलविताही येते. १९०० मध्ये मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे औरंगाबादेवरून गेली. तिचे स्टेशन जुन्या तटापासून दूर, मोकळ्या माळावर पडले. आणि शहराची वाढ कोणत्या दिशेने व्हावयाची याचा निकाल त्या रुळांनी निम्मा करून टाकला.

निजामाने इंग्रजांपासून जसा जिल्हा घेतला तशी बंदीची रीतही घेतली. ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या फर्मानाने सभा भरविण्यास आगाऊ परवानगी लागू लागली. चार माणसे कोठे उभी राहावयाची हे सरकारने ठरवावयाचे! यास उत्तर मिळाले तेही जागेच्याच भाषेत. १९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. राजद्वारी मोर्चा नव्हता, सभा नव्हती. राहावयाच्या खोलीत काय म्हणावे एवढाच प्रश्न होता. त्यावर बंदी आली, संप झाले, लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेले. शेकडो मुलांस बाहेर पडावे लागले आणि त्यांतील कित्येकांस नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. दहा वर्षांनंतर, १९४७-४८ मध्ये, स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात असता स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी मनमाड, उमरखेड, बार्शी अशा बाजूंस सरहद्दीवर तळ दिले. इंग्रज आणि निजाम यांनी आपापल्या सोयीसाठी आखलेली ती सरहद्द. तिचाच आडोसा करून निजामाच्या पोलिसांवर व रझाकारांवर चढाई होऊ लागली. प्रतिकार करणाऱ्यास जमीन निवडता येत नाही. शत्रूने आखलेल्या पटावरच त्यास खेळावे लागते. पण त्या पटातील भेगा त्यास शत्रूपेक्षा अधिक ठाऊक असतात.

१९४८ नंतर राज्यकर्ते आपले झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. आता ज्या प्रश्नासाठी आम्ही हा सारा पूर्वेतिहास सांगितला तो प्रश्न उभा राहतो: रेघा कोणाच्या झाल्या?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी थोडे मराठवाड्याबाहेर, मुळशीस जाऊन आले पाहिजे; कारण औद्योगिक वसाहतीमागील कायद्याचे मूळ समजावयास तेथल्याइतका चांगला धडा दुसरा नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात ‘सार्वजनिक प्रयोजन’ हे शब्द होते, आणि कंपन्यांसाठी सरकारने जमीन घेऊन द्यावी याकरिता त्यात एक स्वतंत्र भाग होता. या कायद्याच्या आधारे टाटांच्या वीज-धरणासाठी मुळशी खोऱ्यातील मावळ्यांच्या जमिनी घेण्याचे ठरले. १९२१ मध्ये रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट व त्यांचे सहकारी, आणि मावळचे स्त्रीपुरुष, बांधकामाच्या जागीच जाऊन बसले. त्यांच्यापाशी दुसरे शस्त्र नव्हते; ज्या तुकड्यावर कंपनीचा हक्क लिहिला गेला होता त्यावर आपला देह ठेवणे, हेच शस्त्र. तीन वर्षे झुंज चालली, धरण झालेच. मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळाली, हे प्रयोजन खोटे नव्हते. परंतु ‘सार्वजनिक’ या शब्दात मावळा धरला गेला नाही. हा कायदा १ जानेवारी २०१४ पर्यंत देशात चालू होता. त्याच्या जागी २०१३ चा कायदा आला तेव्हा तो मुळशीचा मुद्दा, म्हणजे ज्याची जमीन जाते त्याच्या संमतीचा व पुनर्वसनाचा मुद्दा, प्रथमच कायद्याच्या मजकुरात पोहोचला.

महाराष्ट्र सरकारने मुंबई-पुण्याबाहेर कारखाने नेण्यासाठी १९६१ मध्ये औद्योगिक विकासाचा कायदा केला व १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापिले. जमीन सक्तीने घेण्याचे प्रकरण या कायद्यास स्वतःचे असे आहे. मराठवाडा मागासलेला, पाऊस बेभरवशाचा. येथे कारखाने यावेत ही मागणी लोकांचीच होती. स्टेशनजवळ, चिकलठाण्यास आणि मग वाळूजला औद्योगिक क्षेत्रे झाली. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला, त्याच्यामागून सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने आले, आणि जालना, बीड, परभणीपासून खानदेश-विदर्भापर्यंतचा तरुण येथे पोटासाठी आला. दुष्काळात पूर्वी खडी फोडावयास जाणाऱ्या घरांत आता महिन्याच्या महिन्यास पगार येऊ लागला. ही गोष्ट लहान नव्हे, आणि जो टीकाकार ती विसरेल त्याची टीका ऐकण्याचे बजाजनगरातील कोणाही गृहस्थास कारण नाही.

पण आता त्या वसाहतीच्या आखणीकडे पाहावे. वडगाव कोल्हाटीच्या शिवारातील शेतास आधी सर्व्हे नंबर पडला होता. पुढे १९४७ च्या एकत्रीकरणाच्या कायद्यातून जो गट नंबर निघाला तो त्यास लागला. महामंडळाने घेतल्यावर त्याचे भूखंड पडले, आणि भूखंडांस आर.एल., आर.एम., आर.एच. अशी अक्षरे मिळाली. महामंडळ जमीन विकत नाही, ९५ वर्षांच्या पट्ट्याने देते. घर बांधणारा कामगार आयुष्याची पुंजी त्या विटांत घालतो, परंतु विटांखालची भूमी दुसऱ्याची असते. त्या क्षेत्राची आखणी करण्याचा अधिकार महामंडळाचा. लोकांची मते घेऊन निवडून आलेली संस्था म्हणजे वडगाव कोल्हाटी-बजाजनगरची ग्रामपंचायत. भोवतालच्या गावांवर वाळूज महानगर म्हणून सिडकोची आखणी. वस्ती शहराएवढी, कायद्याने ती गाव, आणि नकाशात ती कारखान्याचे आवार. छावणीचे चित्र वाचकांच्या डोळ्यांपुढे असेलच. सरकारी जमिनीवर कामापुरती वसविलेली माणसे, सरळ रस्ते, ओळीने घरे, आणि आखणीचा अंतिम शब्द निवडून न आलेल्या अधिकाऱ्याकडे.

साम्य दाखविताना भेद झाकू नये. छावणीचा धनी परका होता, महामंडळ आपल्याच विधिमंडळाने निर्मिले आहे. छावणीतील दुकानदारास मत नव्हते. बजाजनगरच्या रहिवाशास ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत मत आहे. तो आपला आमदार पाडू शकतो. पण आपल्या घरासमोरची मोकळी जागा उद्यान व्हावी की दुकान, हे ठरविणाऱ्यास तो पाडू शकत नाही. लॉर्ड रिपनने १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव केला तेव्हा आपल्या पुढाऱ्यांनी त्याचे स्वागत का केले? वर कलकत्त्यात कोण बसतो याहून गावचे गटार कोण आखतो, यात नागरिकाचे शिक्षण अधिक आहे, हे त्यांनी ओळखले होते. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांस घटनेचा आधार दिला खरा. पण तीतच, जेथे एखादी औद्योगिक संस्था नागरी सोयी पुरवीत असेल तेथे राज्यपालांनी ‘औद्योगिक नगरी’ जाहीर करून नगरपालिका न नेमण्याची वाट मोकळी ठेवली. ही वाट कोठे घेतली गेली हा वेगळा विषय; कारखान्याच्या आवारात नागरिक मावतो, अशी कल्पना घटनेच्या पानावर बसली, हे आम्हांस अधिक चिंतनीय वाटते.

मग बजाजनगरच्या माणसाने काय केले? त्याने प्रथम नावे ठेविली. अक्षरे आणि आकडे पत्त्यापुरते राहिले. वाट सांगताना मोहटादेवी चौक, महाराणा प्रताप चौक, मोरे चौक अशी नावे तोंडी बसली. मोहटादेवी पाथर्डी तालुक्यातील डोंगरावरची. कामासाठी स्थलांतरित झालेल्या लोकांनी तिला आपल्याबरोबर येथे आणले. जवळच पंढरपूर नावाचे गाव आहे. तेथे आषाढीस मोठी यात्रा भरते, आणि ज्यांस चंद्रभागेकाठी जाणे घडत नाही ते हजारो लोक येथल्या विठ्ठलाचे दर्शन घेतात. एका दिवसासाठी कारखान्यांचा तो रुंद रस्ता दिंड्यांचा होतो. ही कोणी केलेली चळवळ नव्हे. पण ज्या जागेस सत्तेने क्रमांक दिला तीस लोकांनी नाव देणे, हा काळ्या चबुतऱ्याचा क्रांती चौक करण्याच्याच जातीचा उद्योग आहे. नावाच्या बळावर या शहराने मोठमोठ्या झुंजी दिल्या आहेत. येथील विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला. त्यावर मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. नागपुराहून मोर्चे निघाले. आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. आज त्या दिवशी विद्यापीठाच्या दरवाजापुढे जो समुदाय लोटतो तो एका फलकाच्या दर्शनास येत नाही. या ज्ञानाच्या आवारात आपलाही वाटा आहे, हे आपल्या उपस्थितीने नोंदविण्यास येतो.

तथापि नाव देण्याने सर्व काही साधत नाही, आणि जेथे साधत नाही तेथे काय होते याचा धडा याच रस्त्यावर दोन वर्षांच्या अंतराने मिळाला. ९ ऑगस्ट हा बेचाळीसच्या लढ्याचा स्मृतिदिन. २०१६ च्या ९ ऑगस्टला मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा क्रांती चौकातून निघाला. लाखो माणसे, घोषणा नाही, दगड नाही. २०१८ च्या त्याच तारखेस महाराष्ट्र बंद होता, आणि त्या दिवशी वाळूजमध्ये जमावाने अनेक कारखान्यांची मोडतोड केली. मागणी एकच, दिवस तोच, रस्ताही तोच. मग एका टोकास संयम व दुसऱ्या टोकास विध्वंस, हे कसे? कारणे अनेक असतील, आणि दोन वर्षांत साचलेली निराशा त्यांत मुख्य असेल. परंतु जागेचे कारणही आम्हांस दिसते. क्रांती चौकास दीडशे वर्षांची स्मृती आहे. तेथे उभे राहिलेला माणूस आपण कोणाच्या मागे उभे आहोत हे जाणतो. तेथून निघालेल्या पायांस पोहोचावयाचे ठिकाणही असते. कलेक्टराची कचेरी आहे, आयुक्तांची कचेरी आहे, निवेदन घेणारा कोणीतरी दारात येतो. वाळूजला असे दार नाही. तेथे सत्ता कोठे राहते हे दाखविणारी एकच वस्तू दिसते, ती म्हणजे कारखान्याचे फाटक. ज्या फाटकातून आपल्याच भावाची भाकर येते त्यावर दगड पडला, हे निंद्य तर होतेच, पण त्याहून अधिक दुःखद होते. ज्या वस्तीस नगरसभा नाही तीत रागास बसावयास जागा नसते, आणि जागा नसलेला राग हाताशी सापडेल त्यावर कोसळतो.

जमाव हटविण्याची साधनेही जुनीच आहेत. पोलिसांची घडण इंग्रजी अमदानीतली; जमावबंदीचे १४४ वे कलम १८९८ च्या संहितेतून १९७३ च्या संहितेत आले, आणि १ जुलै २०२४ पासून ते नव्या संहितेत १६३ वे झाले. आकडा बदलला, चार माणसे कोठे उभी राहावयाची हे दंडाधिकाऱ्याने ठरवावयाचे, ही कल्पना तशीच राहिली. येथे आम्ही अराजकाची तरफदारी करीत नाही. २०१८ मधील वाळूजच्या कामगारास पोलीस हवेच होते. आमचे म्हणणे इतकेच की, ज्या शासनास लोकांना हटविण्याचे कलम लगेच सापडते त्यास लोकांना बसविण्याचेही कलम सापडावे.

परकी सत्ता गेली म्हणजे तिच्या रेघा आपोआप पुसत नाहीत, आणि सगळ्या पुसाव्यात असेही नाही. रेल्वे उखडून टाकावी किंवा मोजणीचे नकाशे जाळावेत असे कोण म्हणेल? रेघ ओढण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हा खरा प्रश्न आहे. छावणीत तो लष्करी अंमलदाराच्या हाती होता. जिल्हाबंदीत सालारजंगाच्या हाती. मुळशीत मुंबई सरकार व कंपनी यांच्या हाती. बजाजनगरात तो अजून बजाजनगरच्या हाती आलेला नाही. वाळूज परिसरास स्वतःची नगरपरिषद असावी ही मागणी अधूनमधून उठते व विरते. ती करांची व नळांची क्षुद्र मागणी म्हणून सुशिक्षितांनी तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. १८५७ मध्ये घोडदळाने जे विचारले, १९२१ मध्ये मावळ्याने जे विचारले व १९३८ मध्ये वसतिगृहातील मुलांनी जे विचारले, तेच ती विचारते: आम्ही जेथे उभे आहो ती जागा कोणाची? या प्रश्नास छावणीने दिलेले उत्तर आपणांस ठाऊक आहे. स्वराज्याचे उत्तर त्याहून निराळे असावयास हवे, आणि ते भाषणांत न देता वाळूजच्या नकाशावर दिले पाहिजे. त्या वसाहतीत जन्मलेली पहिली पिढी आता आपली मुले तेथील शाळांत घालू लागली आहे. ९५ वर्षांच्या पट्ट्यातील चाळीसेक वर्षे सरतही आली आहेत.